आम्हाला कळतं हो!

मराठी दैनिकाच्या डेस्कवर उमेदीची सगळी वर्षं गेली. निवृत्तीनंतर लोक गाणं शिकतात, नातवंडं सांभाळायला अमेरिकेला जातात. मी ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळं, पतपेढ्यांचे कर्मचारी, कॉलेजातली एनएसएसची मुलं, असं जिथून बोलावणं येईल तिथे ‘खोटी बातमी कशी ओळखावी’ या विषयावर बोलायला जाते. मानधन बहुतेक ठिकाणी शाल, श्रीफळ आणि कुंडीतलं रोपटं. गॅलरीत आता कपडे वाळत घालायला जागा उरलेली नाही. या फिरण्यातून एक गोष्ट पक्की झाली : ऐकायला आलेल्या प्रत्येकाला खोटी बातमी आधीपासूनच ओळखता येत असते. माणसं येतात ती शेजाऱ्याच्या काळजीपोटी.

म्हणून हल्ली मी विषय उलटा मांडते. खोटं कसं ओळखावं हे नंतर. ‘मला ओळखता येतं’ असं आपल्याला इतकं ठामपणे का वाटतं, ते आधी.

१. फसणारा नेहमी तिसराच असतो

सुरुवातीलाच मी दोन प्रश्न विचारते. पहिला : व्हॉट्सॲपवर आलेला खोटा मेसेज आपल्याला ओळखता येतो असं किती जणांना वाटतं? सभागृहभर हात. दुसरा : आलेलं सगळं खरं मानणारं कोणी तुमच्या नात्यात, सोसायटीत आहे का? पुन्हा सभागृहभर हात, या वेळी हशाही. एका ठिकाणी दुसऱ्या रांगेतल्या नवराबायकोने हात वर करायच्या ऐवजी सरळ एकमेकांकडे बोट दाखवलं होतं.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन यांनी १९८३ साली या समजुतीचं ‘थर्ड पर्सन इफेक्ट’ असं बारसं केलं. प्रचाराचा परिणाम माझ्यावर होत नाही, तुमच्यावरही फारसा नाही, तो होतो ‘त्या’ लोकांवर. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आठ हजारांहून जास्त लोकांपुढे खरे आणि खोटे मथळे ठेवले होते. दहातल्या नऊ जणांनी स्वतःला सरासरीपेक्षा सरस ठरवलं. निकाल पाहिला तर चारातल्या तिघांनी स्वतःची किंमत वाजवीपेक्षा जास्त लावलेली होती. ज्यांचा अंदाज जास्त फुगलेला होता, तीच माणसं बेभरवशाच्या संकेतस्थळांवर जास्त जात होती आणि खोटे मथळे ‘लाइक’ करायला, पुढे पाठवायला जास्त राजी होती. फाजील विश्वासामुळेच हे घडतं असं त्या अभ्यासाने सिद्ध केलेलं नाही. दोन्ही गोष्टी एकत्र आढळतात, इतकंच. डेस्कवर बसलेल्या माणसाला त्यात नवल वाटत नाही. ज्या उपसंपादकाला ‘हे तपासायची गरज नाही’ असं वारंवार वाटायचं, त्याच्या पानावर दुसऱ्या दिवशी ‘खुलासा’ छापावा लागायचा.

२. हुशारीची बदली होत नाही

एका विषयातली अक्कल दुसऱ्या विषयात आपोआप रुजू होत नाही. माझ्या ओळखीतले एक हृदयरोगतज्ज्ञ कोविडच्या काळात औषधपाण्याबद्दलची एकही अफवा खपवून घेत नसत. कापूर, लवंग आणि ओव्याची पुरचुंडी हुंगली की शरीरातला ऑक्सिजन वाढतो, हा मेसेज २०२१ च्या दुसऱ्या लाटेत घरोघर फिरत होता, तेव्हा ऑक्सिमीटर कसा चालतो इथपासून त्यांनी गावाकडच्या ग्रुपला समजावलं. तेच डॉक्टर इतिहासाचं मात्र काहीही पुढे ढकलतात. उलट इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक बखर आणि अस्सल कागद यांतल्या फरकावर माझ्याशी तासभर रंगून बोलले आणि उठता उठता म्हणाले, “ताई, पुरचुंडीचा गुण येतो हं. आमच्याकडे आलाय.”

शेरलॉक होम्सला जन्म देणारे आर्थर कॉनन डॉइल यांची गोष्ट मी दर वेळी सांगते. १९१७ साली यॉर्कशायरमधल्या कॉटिंग्ली गावातल्या दोन मावसबहिणींनी, सोळा वर्षांची एल्सी आणि नऊ वर्षांची फ्रान्सिस, ओढ्याकाठी पऱ्यांबरोबर फोटो काढले. पऱ्या कागदाच्या, टोपीच्या टाचण्यांनी उभ्या केलेल्या. डॉइल स्वतः डॉक्टर, आणि टाचणीएवढ्या पुराव्यावरून गुन्हेगार पकडणारा गुप्तहेर जगाला दिलेला माणूस. त्यांनी १९२० च्या नाताळच्या सुमारास ‘स्ट्रँड’ मासिकात हे फोटो खरे म्हणून छापले. त्यांची परलोकविद्येवर श्रद्धा होती, हे एक कारण. दुसरं मला जास्त बोलकं वाटतं : कामगारवर्गातल्या घरच्या पोरींना असली कारागिरी जमणंच शक्य नाही, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे आपल्याला फसवायला आपल्या तोडीचा माणूस लागतो, ही समजूत. टाचण्यांची कबुली त्या बहिणींनी १९८३ मध्ये, म्हातारपणी दिली.

३. आवडीच्या मेसेजला चाळणी नसते

हा भाग मी सावकाश घेते, कारण इथे सभागृहातली हवा बदलते.

आधी पडद्यावर एक हिंदी मेसेज दाखवते. अमेरिकेला हरवणाऱ्या व्हिएतनामच्या नेत्याने विजयाचं श्रेय महाराणा प्रतापांना दिलं. पुढे त्यांच्या देशाच्या मंत्री भारतात आल्या तेव्हा त्यांनी प्रतापांच्या भूमीतली माती सोबत नेली, वगैरे. लोक हसतात. “काय वाट्टेल ते,” असा एक आवाज हमखास येतो. कोणीतरी विचारतं, व्हिएतनामच्या माणसाला प्रताप कुठून माहीत असणार? प्रश्न चोख असतो. मग दुसरी पाटी. तोच मेसेज, तीच माती, तेच वाक्यांचे सांधे, फक्त मराठीत, आणि प्रतापांच्या जागी शिवाजी महाराज. हशा थांबतो. हा मेसेज बहुतेकांकडे येऊन गेलेला असतो आणि तेव्हा तो कोणालाही ‘वाट्टेल ते’ वाटलेला नसतो.

एका गावात एक आजोबा उठून म्हणाले, “पण मॅडम, गनिमी कावा तर होताच ना?” होताच की. आणि महाराजांच्या गनिमी काव्याला हनोईहून सही-शिक्का आणायची गरज नाही, हेही त्यांना पटलं. तरी खाली बसताना त्यांच्या चेहऱ्यावरची नाराजी लपत नव्हती. घरची एखादी वस्तू मी उचलून नेली असावी, तशी.

असाच दुसरा नमुना मेकॉलेचा. २ फेब्रुवारी १८३५ रोजी त्याने ब्रिटिश संसदेत भाषण केलं, सगळा भारत फिरूनही आपल्याला एकही भिकारी किंवा चोर दिसला नाही असं सांगितलं, आणि म्हणून या देशाचा कणा मोडायचा तर शिक्षणपद्धती बदला असं सुचवलं. अशी ती कहाणी. भाषणांत, स्मरणिकांत, कॉलेजच्या फलकांवर ती मी पाहिली आहे. त्या तारखेला मेकॉले कलकत्त्यात होता. शिक्षणावरचं त्याचं ते कुप्रसिद्ध टिपण त्याच दिवशीचं, आणि ते उर्मट आहेच. पौर्वात्य विद्येबद्दल त्याने त्यात पुरेशी तुच्छता दाखवली आहे. त्याला शिव्या घालायला अस्सल कागद हाताशी आहे. पण अस्सल कागदात आपली स्तुती नाही, आणि बनावट भाषणात ती भरपूर आहे.

‘जन गण मन’ला युनेस्कोने जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं, हा मेसेजही त्यातलाच. युनेस्कोने असं काही केलेलं नाही. अवकाशातून टिपलेला दिवाळीच्या रात्रीचा लखलखता भारतही तसाच. त्यातले रंग वेगवेगळ्या वर्षांत दिव्यांची वस्ती कशी वाढली हे दाखवायला अमेरिकी शास्त्रज्ञांनी भरलेले होते, दिवाळीशी त्याचा संबंध नव्हता. नासाने २०१२ च्या दिवाळीतलं खरं रात्रीचं चित्र प्रसिद्ध केलं, ते नेहमीच्या रात्रींसारखंच दिसतं. साहजिकच ते कोणी कोणाला पाठवत नाही.

४. ‘मी डोळ्यांनी पाहिलंय’ हा पुरावा अपुरा असतो

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. मोबाइल देशात नुकताच आला होता आणि आमच्यापैकी कोणाकडे नव्हता. तरीही गणपती दूध पितोय ही खबर संध्याकाळपर्यंत लंडनच्या देवळांपर्यंत गेली होती. मी पाळीला पोचले तेव्हा डेस्कवरचे दोन्ही फोन खणखणत होते. एकही फोन ‘हे खरं आहे का?’ असं विचारायला नव्हता. सगळे साक्ष द्यायला. “मी इंजिनिअर आहे, अंधश्रद्धा वगैरे मानत नाही, पण माझ्या हातातला चमचा रिकामा झाला.”

त्यात खोटं काहीच नव्हतं. चमचा रिकामा झालाच होता. काठोकाठ भरलेला चमचा मूर्तीच्या दगडाला टेकवला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि दगडावरून पातळ थर होऊन खाली ओघळतं. पांढऱ्या संगमरवरावर ते दिसत नाही. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून तो ओघळ दाखवला. माणसाने पाहिलं होतं दूध जाताना, सांगत होता गणपती प्यायल्याचं. या दोन वाक्यांमधली पायरी आपण कधी चढलो हे त्याला कळलंच नव्हतं, आणि ‘मी इंजिनिअर आहे’ हे तो अगदी प्रामाणिकपणे जोडत होता. आमच्या फोटोग्राफरने मूर्तीच्या पायाशी साचलेल्या दुधाचा फोटो आणला. तो छापला. दुसऱ्या दिवशी एका वाचकाने फोन करून सुनावलं, “देव प्यायला म्हणजे थोडं सांडणारच!”

५. व्हिडिओ खरा असतो आणि तरीही

इथे मी विनोद करत नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. बहुतेक सोलापूरकडच्या मंगळवेढा भागातले. एका लहान मुलीशी कोणी बोलल्याचं निमित्त झालं. ही मुलं पळवणारी टोळी, असं ठरलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने पाचही जणांना ठार मारलं.

त्या दिवसांत मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे मेसेज राज्यभर फिरत होते आणि त्यांच्यासोबत एक व्हिडिओ. मोटारसायकलवरून दोघे येतात, गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलतात आणि पसार होतात. तो व्हिडिओ बनावट नव्हता. कराचीतल्या ‘रोशनी हेल्पलाइन’ या संस्थेने पालकांच्या प्रबोधनासाठी केलेली ती छोटी फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये शेवटी ती माणसं मुलाला परत आणून सोडतात आणि मुलांवर लक्ष ठेवा असं सांगणारा फलक धरतात. तो शेवट कोणीतरी कापला. बाकी काही बदलायची गरज पडली नाही. पिक्सेल फाटलेत का, ओठ आणि आवाज जुळतात का, सावल्या बरोबर पडतात का, हे हल्ली शिकवलं जाणारं सगळं त्या व्हिडिओवर वापरलं असतं तर तो अस्सल ठरला असता. कारण तो अस्सलच होता.

शहरातल्या श्रोत्यांची प्रतिक्रिया मला आता पाठ झाली आहे : अडाणी लोक हो, त्यांना काय कळतं. मग मी विचारते, हा व्हिडिओ तुमच्यापैकी कोणाकडे आला होता? सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर? हात वर होतात, पण सावकाश. पुढे पाठवला होता का, हे मी विचारत नाही. राईनपाड्याच्या गर्दीला आपण चोर ओळखला याची खात्री होती. अनोळखी माणूस, वेगळा वेश, मुलीशी बोलतोय; झालं. कॉम्प्लेक्सच्या फाटकावर भांड्यावर कपडे घेणाऱ्या बाईला ‘हिच्या नजरेवरूनच कळतं’ म्हणून हाकलतात, तिथेही हीच खात्री काम करत असते.

त्याच जुलैत व्हॉट्सॲपने ‘फॉरवर्डेड’ची खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

६. शुद्धलेखनावर भरवसा ठेवू नये

“भाषेवरूनच कळतं हो” हे मराठीच्या शिक्षकांचं लाडकं वाक्य. ऱ्हस्वदीर्घ चुकलं, उद्गारचिन्हांची माळ लागली, की खोटं. कधीकाळी यात थोडं तथ्य होतं. पण खाली पु. लं.चं, व. पुं.चं नाहीतर नाना पाटेकरांचं नाव डकवलेली, त्यांनी आयुष्यात न लिहिलेली छान शुद्ध गद्यपानं याच शिक्षकांनी सुविचार म्हणून फळ्यावर लिहिली आहेत. आता तर संगणकच निर्दोष मराठी लिहून देतो, चेहरा आणि आवाजही बनवून देतो. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका व्हिडिओत गेमिंग ॲपची जाहिरात करताना दिसले, तेव्हा तो आपण नव्हेच हे त्यांना स्वतःला जाहीर करावं लागलं. सहा बोटं मोजून बनावट चित्र पकडायची युक्ती सांगणारे तरुण मला अजून भेटतात. यंत्रं पाच बोटं काढायला शिकली, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

७. तासाभराच्या वर्गाने फारसं होत नाही

हे माझ्या पोटावर पाय आणणारं आहे, तरी सांगते. २०१९ च्या निवडणुकीच्या काळात संशोधक सुमित्रा बद्रीनाथन यांनी बिहारमध्ये हजारावर लोकांबरोबर प्रयोग केला. घरी जाऊन तासभर शिकवणी, बातमी कशी तपासायची, फोटो उलट कसा शोधायचा, सगळं. नंतर पाहिलं तर खोटं ओळखण्यात एकूण लक्षणीय सुधारणा नव्हती. काही पक्षसमर्थक तर आपल्या पक्षाला सोयीच्या बातम्यांच्या बाबतीत शिकवणीनंतर आणखी मागे गेले. म्हणून मी आता कार्यक्रमाच्या शेवटी प्रमाणपत्रं वाटू देत नाही. आयोजक हिरमुसतात. पण ‘फेक न्यूज ओळखण्याचे प्रशिक्षण पूर्ण केले’ असा कागद चौकटीत लावून भिंतीवर टांगलेला माणूस मला नको आहे.

८. दुजोरा म्हणजे दोन फोन नव्हेत

डेस्कवर नव्या पोरापोरींना पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट ऐकवली जायची. २२ मार्च १९७९. जयप्रकाश नारायण मुंबईत जसलोक हॉस्पिटलमध्ये अत्यवस्थ होते. दिल्लीत पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत त्यांच्या निधनाची बातमी दिली. श्रद्धांजली झाली, आकाशवाणीने बातमी देशभर नेली. जेपी जिवंत होते. त्यानंतर ते सहा महिन्यांहून जास्त जगले आणि ८ ऑक्टोबरला पाटण्यात गेले.

आमचे वृत्तसंपादक ही गोष्ट सांगून झाली की विचारायचे, “यात सर्वांत विश्वासू माणूस कोण?” नवी पोरं म्हणायची, पंतप्रधान. ते म्हणायचे, “जसलोकच्या त्या मजल्यावरचा वॉर्डबॉय.” सांगणारा केवढा मोठा आहे यापेक्षा तो घटनेच्या किती जवळ होता, हे त्यांना विचारायचं असे. अशी खबर दिल्लीच्या सरकारी साखळीतून येत असते, आणि त्या साखळीतल्या प्रत्येकाला आपल्या वरच्याची खात्री असते.

दुजोऱ्याचा दुसरा नियम त्याहून कटकटीचा. दोन वार्ताहरांनी सांगितलं म्हणजे दुजोरा झाला असं नाही, कारण दोघांनी एकाच हवालदाराला विचारलेलं असतं. दोन्ही धागे वेगवेगळ्या खुंटीला बांधलेत का, ते पाहावं लागतं. ‘पाच ग्रुपवर आलंय, म्हणजे काहीतरी असणारच’ असं म्हणणाऱ्याला मी विचारते, तुमचा हवालदार कोण?

स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्रू यांनी एक मजेशीर अभ्यास केला. दहा इतिहासतज्ज्ञ, स्टॅनफर्डचेच पंचवीस विद्यार्थी आणि दहा व्यावसायिक बातमी-पडताळक. त्यांना बालरोगतज्ज्ञांच्या दोन अमेरिकी संस्थांची संकेतस्थळं दाखवली. एक हजारो सदस्यांची जुनी, मान्यवर संस्था. दुसरी जवळपास त्याच नावाची, समलिंगी पालकांच्या प्रश्नावरून फुटून निघालेली छोटी गटवजा संघटना. विद्वान मंडळी पान वरपासून खालपर्यंत वाचत बसली. मांडणी, संदर्भ, बोधचिन्ह, सगळं बारकाईने. त्यांतल्या अनेकांना छोटी संघटना भारदस्त वाटली. पडताळकांनी पान धड वाचलंही नाही. काही सेकंदांत त्यांनी दुसऱ्या खिडक्या उघडल्या आणि या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते पाहिलं. चुकलं त्यांच्यापैकी कोणीच नाही.

विद्वानांचा सगळा अभ्यास ‘मी नीट वाचलं की मला कळेल’ या भरवशावर उभा असतो. पडताळक तो भरवसा धरतच नाही. आमचे वृत्तसंपादकही आलेल्या बातमीचं कौतुक करत बसायचे नाहीत. ती हातात आली की त्यांचा दुसरा हात फोनकडे जायचा.

९. घाबरलेला माणूस हुशार नसतो

ऑगस्ट २०२४ मध्ये वर्धमान उद्योगसमूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांच्याकडून ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली सात कोटी रुपये उकळले गेले. व्हिडिओ कॉलवर खोटं सर्वोच्च न्यायालय भरवलं होतं, खोटे सरन्यायाधीश बसवले होते. ‘डिजिटल अरेस्ट’ असं काही आपल्या कायद्यात नाही. इतका अनुभवी, हयातभर माणसं पारखलेला गृहस्थ कसा फसला, असं लोक म्हणतात आणि फोन खिशात ठेवतात. आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हा हेल्पलाइन क्रमांक आहे, हे मी दोनदा सांगते. लिहून घेणारे थोडेच. बाकीच्यांना तो लागणार नसतो.

१०. ग्रुपवर खोटं पाडू नये

आमच्या सासरच्या ग्रुपवर माझ्या पुतणीने एकदा भाऊजींच्या मेसेजखाली पडताळणीची लिंक टाकली आणि वर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. भाऊजी ग्रुप सोडून गेले. त्या वर्षी गौरी-गणपतीचं आवतण त्यांना वेगळं फोन करून द्यावं लागलं. मेसेज खोटा होता, ते त्यांनाही पुढे कळलं असणार. पण चारचौघांत सुनेच्या वयाच्या मुलीकडून कळून घ्यायला कोण तयार होईल?

आता मी फोन करते. “भाऊजी, ते चिकनचं तुम्हाला कोणी पाठवलं हो?” एवढंच. ‘खोटं’ हा शब्द नाही. ते म्हणतात, आपल्या पतपेढीतल्या जोशांनी. “जोशांना कुठून आलं?” थोडी शांतता. माहीत नाही, हे ते स्वतःच म्हणतात. २०२० च्या सुरुवातीला कोंबडीतून कोरोना होतो या अफवेने महाराष्ट्रातले पोल्ट्रीवाले अक्षरशः बुडाले. कित्येकांनी पक्षी फुकट वाटले, खड्ड्यात गाडले. तो मेसेज पाठवणाऱ्या कोणालाही जोशांच्या मागे कोण आहे हे ठाऊक नव्हतं.

आणखी एक. खोडून काढायच्या नादात अफवा पुन्हा जशीच्या तशी सांगू नये. तेच वाक्य पुनःपुन्हा कानावर पडलं की ते जास्त खरं वाटायला लागतं, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७७ सालीच दाखवलं आहे. मी स्वतः खोट्या मेसेजचे नमुने पडद्यावर दाखवते ते आडवी लाल रेघ मारूनच. त्याचा किती उपयोग होतो, देव जाणे.

११. सगळंच खोटं म्हणणारेही तितकेच ठाम असतात

२० जुलै २०२३ च्या सकाळी राज्यातल्या असंख्य फोनांवर एकदम कर्कश भोंगा वाजला आणि पडद्यावर आपत्तीचा इशारा झळकला. ती दूरसंचार विभागाची चाचणी होती, आणि ती चाचणी असल्याचं मेसेजमध्येच लिहिलेलं होतं. माझ्याकडे शिकून गेलेल्या मंडळींचे धडाधड फोन : मॅडम, फोन हॅक झालाय, बटण दाबू नका, सगळ्यांना सांगा. खरा सरकारी मेसेज खोटा ठरवून ‘बटण दाबू नका’ हा इशारा ते एव्हाना दहा ग्रुपवर पाठवून मोकळे झाले होते.

पावसाळ्यात हे वारंवार होतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं, उद्या शाळांना सुट्टी असल्याचं पत्र फिरतं. बरेचदा ते गेल्या वर्षीचं, तारीख बदललेलं असतं. कधी कधी खरं असतं. अशाच एका मुसळधार सकाळी माझ्या वर्गात पहिल्या रांगेत बसणाऱ्या एका आईने मुलाला रेनकोट घालून, रिक्षा करून शाळेत नेलं. फाटक बंद. वॉचमन छत्रीखालून हात हलवत होता. तिथूनच तिने मला फोन लावला.

“मॅडम, पत्र खरं निघालं की हो!”

“शाळेत फोन करून विचारलं नव्हतंस का?”

“त्याची गरजच नव्हती ना. पत्राचा फॉण्ट बघूनच मला कळलं होतं, खोटं आहे म्हणून.”